सिमकार्ड कोणाच्या नावावर?

ज्या घरात स्त्रीच्या नावावर जमीन नाही, घर नाही, आणि स्वतःच्या मजुरीचा हिशेब मागण्याचीही जिला मुभा नाही, त्या घरात मोबाइलची मालकी तेवढी तिला आपोआप लाभेल, ही अपेक्षाच अवास्तव होय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे 54 टक्के स्त्रियांपाशीच स्वतः वापरावयाचा मोबाइल आढळला. इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष 57 टक्के असता स्त्रिया केवळ 33 टक्के भरल्या. या तफावतीस दारिद्र्य कारण आहेच. परंतु घरात फोन एकच असला की तो प्रथम कर्त्या पुरुषाकडे, मग मुलाकडे आणि उष्टी-खरकटी आटोपल्यावर वेळ उरलाच तर सुनेकडे जातो, हा क्रम दारिद्र्याने ठरविलेला नाही.

या क्रमाचा जाच सप्टेंबर 2025 पासून महाराष्ट्रात उघड दिसला. 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा 1500 रुपये चालू राहण्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तीत स्वतःच्या आधारबरोबर पतीचा अथवा पित्याचा आधार क्रमांक भरून त्याच्या मोबाइलवर येणारा ओटीपीही देणे आवश्यक ठरले. पती परगावी कामावर, त्याचा फोन लागत नाही, लागला तर आकडे सांगेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली, अशा स्थितीत सेवा केंद्राच्या खिडकीपाशी ताटकळणाऱ्या बाईचा हक्क सर्वस्वी दुसऱ्याच्या खिशातल्या यंत्रावर अवलंबून राहिला. ओरड झाल्यावर मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढली. पती वा पिता हयात नसलेल्या व घटस्फोटित स्त्रियांसाठी दाखले सादर करण्याची निराळी तजवीजही झाली. मात्र नवरा नांदवीत नाही आणि फारकतीचा कागदही हाती नाही, अशा परित्यक्तेने कोणता दस्तऐवज दाखवावा? समाजाने जिला आधीच निराधार केले, तिच्याच वाट्याला यंत्राचा नकार प्रथम यावा, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी 1990 च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक देऊन शेतकऱ्यांना पत्नीच्या नावे जमीन करून देण्यास सांगितले होते. सातबाऱ्यावरील त्या नावाइतकेच महत्त्व आज सिमकार्डावरील नावास आले आहे. म्हणून शासनाने स्त्रीच्या हक्कासाठी तिच्या पतीचा ओटीपी मागणे कायमचे थांबवावे; आणि वाचकहो, आपल्या घरातील प्रत्येक स्त्रीच्या आधारला तिच्याच हातातील, तिच्याच नावावरील क्रमांक जोडलेला आहे की नाही, हे आपण आजच पाहावे.