शाळेच्या फाटकाशी आजी-आजोबा

शाळा सुटण्यास अद्याप पंधरा मिनिटांचा अवकाश असतो. फाटकाबाहेरच्या झाडाखाली एकेक जण येऊन थांबू लागतो. कुणाच्या हातात छत्री, कुणाच्या पिशवीत पाण्याची बाटली, तर कुणाच्या गळ्यात शाळेने दिलेले ओळखपत्र. पुणे असो, ठाणे असो वा नाशिक, या गर्दीत पिकल्या केसांची माणसे मोठ्या संख्येने दिसतात. आई-वडील दोघेही नोकरीवर असलेल्या घरांत मुलांना शाळेत सोडणे, आणणे, डबा भरून देणे आणि गृहपाठाला बसवणे ही कामे आजी-आजोबांकडे कधी आली, हे घरच्यांनाही नेमके सांगता येत नाही. शाळेच्या दप्तरात मात्र या माणसांची नोंद फारशी सापडत नाही.

डोंबिवलीतील सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. चौथीतील नातीला ते रोज शाळेत पोहोचवतात. शाळेत 'आजी-आजोबा दिवस' साजरा झाला, तेव्हा त्यांचे गुलाबपुष्प देऊन स्वागत झाले, संगीत खुर्चीच्या खेळात त्यांनी उत्साहाने भाग घेतला. पुढे काही दिवसांनी प्रगतिपुस्तक घेण्यासाठी ते त्याच वर्गाच्या दाराशी गेले, तेव्हा केवळ आई किंवा वडिलांनीच यावे, असे त्यांना नम्रपणे सांगण्यात आले. मुलगा पुण्याला आणि सून कार्यालयात, असा तो दिवस होता. आजोबा रिकाम्या हाताने परतले. नातीने वाटेत कारण विचारले, तेव्हा काय उत्तर द्यावे, हे त्यांना सुचले नाही.

हा दिवस आला कोठून?

आजी-आजोबांसाठी स्वतंत्र दिवसाची प्रथा मूळची अमेरिकेतील. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मेरियन मॅकक्वेड यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. १९७८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी तशी घोषणा केली. तेथे सप्टेंबरमधील कामगार दिनानंतरच्या पहिल्या रविवारी तो पाळला जातो. महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने २०२३ मध्ये शाळांतून १० सप्टेंबरला 'आजी-आजोबा दिवस' साजरा करण्याचे ठरवले. आजी-आजोबांची ओळख करून देणे, खेळ, चित्रकला, वृक्षारोपण, आजीच्या बटव्याविषयी माहिती असे कार्यक्रम त्यात सुचवण्यात आले.

हेतू चांगलाच आहे. विभक्त कुटुंबांत वाढणाऱ्या मुलांना दोन पिढ्यांमागचे जग समजावे, अशी अपेक्षा त्यामागे आहे. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा.

वर्गात डोकावताना

आजोबांच्या पिढीला आजचा वर्ग काहीसा परका वाटतो, त्यालाही कारणे आहेत. डोंबिवलीच्या या आजोबांनी शाळेत पाऊल टाकले, त्याच वर्षी, म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी, देशात दशमान नाणी आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. तरीही गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेतलीच. पाव, अर्धा आणि पाऊण पटीचे हे पाढे बाजारहाटाचा हिशेब तोंडी करण्यासाठी होते. आण्यांबरोबर त्यांची गरज हळूहळू संपली. आज नातीला औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे सांगितले तर तिला ती गंमत वाटते.

उलट धक्का आजोबांना बसला, तो नात दुसरीत असताना. 'वीस नऊ' असे ती वाचू लागली, तेव्हा तिला अंकच येत नाहीत, असा त्यांचा समज झाला. वस्तुतः २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात रूढ संख्यानामांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' ही पद्धत दिली होती. 'एकोणतीस' म्हणजे एक उणे तीस. लिहिताना आधी दोन आणि मग नऊ, उच्चारात मात्र तिसाचा उल्लेख. शिवाय 'त्रेसष्ट'सारखी जोडाक्षरे. लहान मुलांना होणारा हा त्रास कमी व्हावा, अशी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका होती. त्यावर बरेच वादंग माजले. घराघरांत या बदलाला प्रथम तोंड द्यावे लागले ते गृहपाठ घेणाऱ्या आजी-आजोबांना, आणि त्यांना तो समजावून सांगण्याची जबाबदारी कुणी घेतली नाही.

छडीचेही तसेच. छडीवाचून विद्या येत नाही, अशा समजुतीत वाढलेल्या पिढीला शारीरिक शिक्षेवरील बंदी नवलाची वाटते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. हे माहीत नसल्याने 'तुम्ही एक द्या ठेवून' असे बाईंना सांगणारे आजोबा आजही भेटतात.

'पालक' म्हणजे कोण?

प्रगतिपुस्तकाच्या प्रसंगाकडे शाळेच्या बाजूनेही पाहावयास हवे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील घटना उघडकीस आल्यानंतर राज्यातील शाळांच्या सुरक्षेचे नियम अधिक कडक झाले. मूल कुणाच्या ताब्यात दिले, याची शाळेला काळजी घ्यावीच लागते. काही घरांत मुलाच्या ताब्यावरून न्यायालयात वाद चालू असतो. अशा वेळी ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबून चालत नाही. फाटकावरील चौकशी आजी-आजोबांना अपमानास्पद वाटली, तरी ती त्यांच्याच नातवंडांसाठी असते.

कायद्याची भाषा मात्र शाळांच्या नियमांपेक्षा थोडी उदार आहे. शिक्षण हक्क कायद्यात 'माता-पिता' याबरोबर 'पालनकर्ता' ही स्वतंत्र संज्ञा आहे. ज्याच्याकडे बालकाचा सांभाळ आणि ताबा आहे, अशी व्यक्ती तीत मोडते. विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालनकर्ते असतात. म्हणजे आई-वडील हयात नाहीत किंवा दूरगावी आहेत आणि मूल आजीकडे वाढत आहे, अशा घरातील आजीला त्या समितीवर जाण्याचा मार्ग मोकळा आहे. आई-वडील घरातच असून दिवसभराचा सांभाळ आजी-आजोबांकडे असेल, तर मात्र त्यांना कायद्याने वेगळे स्थान नाही. तेथे आई-वडिलांचे लेखी संमतिपत्र आणि शाळेची तयारी, एवढाच उपाय उरतो. प्रवेश अर्जावर 'मुलास नेणारी व्यक्ती' असा रकाना अनेक शाळा ठेवतात. त्यातच 'प्रगती कळविण्यास हरकत नसलेली व्यक्ती' अशी एक ओळ वाढवणे अवघड नाही.

उलटी वाट

आजी आणि शाळा यांचे नाते वेगळ्या रीतीनेही जुळू शकते, हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याने दाखवून दिले. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी उलटलेल्या आजीबाई गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसल्या. अंगठ्याऐवजी सही करता यावी, पोथी स्वतः वाचता यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. घरी त्यांचा अभ्यास घेण्याचे काम नातवंडांकडे आले.

शहरातील शाळांना एवढे करावे लागणार नाही. पालकसभेत नव्या पाठ्यपुस्तकाची ओळख करून देताना आजी-आजोबांनाही बोलावले, तरी बरेच साधेल. त्यांच्याकडून वर्गालाही काही मिळू शकते. नाण्यांचा धडा चालू असताना 'नवा पैसा' पाहिलेला माणूस फाटकाबाहेरच उभा असतो.

डोंबिवलीच्या आजोबांच्या घरी आता एक संमतिपत्र तयार आहे. सुनेने ते लिहिले, मुलाने सही केली. पुढच्या पालकसभेत ते वर्गशिक्षिकेकडे द्यावयाचे आहे. तोपर्यंत आजोबांचा नेम चुकत नाही. शाळा सुटण्याच्या पंधरा मिनिटे आधी ते झाडाखाली येऊन थांबतात.