लांज्याचे सडे आणि महाराष्ट्राची मानचिन्हे

अमेरिकेच्या मध्यावर कॅन्सस नावाचे गवताळ, सपाट राज्य आहे. तिथल्या लोकांनी १९०३ साली सूर्यफुलाला राज्यफुलाचा मान दिला, १९५५ साली बायसनला राज्यप्राणी ठरवले आणि २०१० मध्ये चक्क एका रानगवतालाही राज्यगवत म्हणून मान्यता दिली. ज्या गवतावर आपला मुलूख उभा आहे त्याची सरकारदरबारी नोंद असावी, हा विचार मला फार मोलाचा वाटतो. महाराष्ट्राचीही मानचिन्हे आहेत. शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण ही नावे आपली मुले स्पर्धा परीक्षेसाठी पाठ करतात. तीच जिवंत पाहायची असतील तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या लांजा तालुक्यात यावे आणि मुचकुंदी नदीची सोबत धरावी.

मुचकुंदीचा उगम माचाळला. तालुक्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या माथ्यावर, विशाळगडाच्या समोर हे गाव वसले आहे. अगदी अलीकडेपर्यंत इथे गाडीरस्ता नव्हता, चढून जाण्यावाचून इलाज नसे. गावाजवळ मुचकुंद ऋषींची गुहा दाखवतात. कालयवन पाठलाग करत आला तेव्हा श्रीकृष्णाने गुहेत झोपलेल्या मुचकुंदावर आपला शेला टाकला. कालयवनाने त्यालाच कृष्ण समजून लाथ मारली आणि जागे झालेल्या मुचकुंदाच्या दृष्टीने तो भस्म झाला, ही पुराणकथा माचाळच्या याच गुहेत घडली अशी इथली श्रद्धा आहे. नदीचे नावही त्या ऋषींवरूनच पडले.

सह्याद्रीच्या या दाट रानपट्ट्याचा रहिवासी म्हणजे शेकरू. तांबूस-तपकिरी पाठ, फिकट पोट आणि झुबकेदार शेपूट. शेपटीसकट त्याची लांबी तीन फुटांच्या आसपास भरते. जमिनीवर तो क्वचितच उतरतो, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतच त्याचा दिवस जातो. म्हणून सलग रान तुटले की शेकरू पहिल्यांदा हरवतो. हरियालही असाच झाडांवरच राहणारा, पिवळ्या पायांचा हिरवा पारवा. वड-उंबर पिकले की त्यांचे थवे उतरतात, पण पानांत असे मिसळून जातात की आधी फक्त शीळ ऐकू येते. राणी पाकोळी हे आपले राज्यफुलपाखरू. २०१५ मध्ये ते घोषित झाले, आणि राज्यफुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. काळ्या मखमली पंखांवर निळे पट्टे घेऊन ते फिरते. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, त्यामुळे ते परसातही येते.

ताम्हण नदीकाठाला शोभतो. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाच्या सुमारास, त्याच्यावर जांभळ्या झालरीच्या फुलांचे तुरे येतात. आंब्याबद्दल रत्नागिरीकराने काही सांगायला नको. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, एवढे नोंदवतो.

खाली साटवलीला मुचकुंदीच्या काठावर जुनी गढी आहे. एकेकाळी खाडीने होड्या इथवर येत आणि इथून माल घाटावर जाई. नदी पुढे पूर्णगडला समुद्राला मिळते. लांजा तालुक्याला स्वतःचा समुद्रकिनारा नाही, पण किनाऱ्याची दोन मानचिन्हे नदीच्या त्या टोकाच्या मुलखातली आहेत: २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी आणि २०२३ मध्ये राज्यमासा ठरलेले पापलेट.

इतिहासाच्या खुणाही कमी नाहीत. शिवकाळात प्रभावळी नावाचा सुभा होता, तो आजच्या प्रभानवल्लीच्या मुलखातला. जंजिऱ्यावर लढणाऱ्या आरमाराला रसद वेळेवर दिली नाही म्हणून १६७५ मध्ये महाराजांनी या सुभ्याच्या जिवाजी विनायक सुभेदाराला अतिशय कडक पत्र पाठवले. कर्तव्यात कसूर करणाऱ्याची जात पाहिली जाणार नाही, हा त्या पत्राचा रोख प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. आणि कोट हे गाव झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव. म्हणजे १८५८ मध्ये रणांगणात देह ठेवणाऱ्या राणी लक्ष्मीबाईंचे सासर मुळात लांज्याचे.

आता मला ज्याची सर्वात अधिक ओढ आहे तो सडा. जांभ्या दगडाची ही विस्तीर्ण पठारे उन्हाळ्यात काळीठिक्कर पडतात, अनवाणी पाय ठेवता येत नाही. जूनचा पाऊस पडला की काही दिवसांत कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुले उभी राहतात. ही जात कोकण-गोव्याच्या पट्ट्याबाहेर सापडत नाही. श्रावण-भाद्रपदात सड्यावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. ही इवली वनस्पती कीटकभक्षी आहे. कातळावर माती जवळजवळ नसते, त्यामुळे नायट्रोजनची उणीव ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भरून काढते.

याच कातळावर प्राचीन माणसाने चित्रे कोरली. लांज्याशेजारच्या राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या देहात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. जिल्ह्यातल्या कातळशिल्पांत गेंडाही आढळतो, आणि कोकणात आज एकही गेंडा नाही. २०२२ मध्ये कोकण-गोव्यातली कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

एवढे असूनही सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा पोटखराबा अशीच असते. ज्याला पोटखराबा म्हटले त्यावर चिरेखाण सुरू करताना कोणाचा हात अडखळत नाही. महाराष्ट्राने झाड, फूल, पक्षी, प्राणी, फुलपाखरू, मासा एवढ्यांना मान दिला. सड्यावरच्या एखाद्या फुलाला किंवा गवतालाही तो द्यावा, असे माझे ठाम मत आहे. दीपकाडी त्या मानाला सर्वस्वी पात्र आहे.

पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाने जाल तेव्हा लांज्याला थांबा आणि गावातल्या माणसाला सोबत घेऊन सड्यावर जा. फुले तुडवू नका. कातळावर कोरलेली रेघ दिसली तर ती उठून दिसावी म्हणून तिच्यावर खडू-चुना ओढू नका. फोटो घ्या आणि ग्रामपंचायतीला किंवा रत्नागिरीच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.