जुन्या गाडीला नवा कणा

विंटेज गाड्यांचा मेळावा भरला की बघ्यांची नजर कुठे जाते? चकचकीत बॉनेटवर, क्रोमच्या बंपरवर, फार तर चामड्याच्या सीटवर. पण त्या गर्दीतच दोन-चार जण असे असतात, की जे गुडघे टेकून गाडीच्या मागे वाकतात आणि खाली डोकावतात. ते बघतात मागचा एक्सल! बैलगाडीला जसा आस, तसा मोटारीला हा कणा. दोन चाकांना जोडणारा, गाडीचा आणि मागच्या सीटवरच्या माणसांचा भार पेलणारा आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारा.

बंगळुरू हे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे शहर. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या जे. सी. रोडवर, म्हणजे जयचामराजेंद्र रोडवर, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांगच लागलेली आहे. कुर्ल्याची फियाट असो, उत्तरपाड्याची अँबेसेडर असो की मद्रासची हेराल्ड. मालकाच्या हातात जुना, झिजलेला भाग असतो आणि तोंडात एकच प्रश्न, ‘याच्या जोडीचा मिळेल का?’ आणि मिळाला नाही, की दुसरा प्रश्न पुढे येतो: ‘मग याच्यापेक्षा दणकट, दुसऱ्या गाडीचा बसवला तर?’

प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र साधे नाही!

एक्सल तुटतो म्हणजे काय होते?

त्या काळच्या बहुतेक छोट्या गाड्यांत एक्सलचा शाफ्ट दोन कामे करतो. चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही उचलतो. ट्रकमध्ये तसे नसते. तिथे वजन बाहेरच्या हाउसिंगवर असते, शाफ्ट फक्त फिरवतो. म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. छोट्या गाडीत शाफ्ट तुटला, तर चाक ड्रमसकट बाहेर येऊ शकते. भर म्हणजे त्या काळच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाची चारही चाकांना मिळून एकच लाइन असे. मागचा पाइप तुटला, की पुढचे ब्रेकही गेले! नंदी हिल्सच्या उतारावर, मागच्या सीटवर मुलेबाळे असताना, ही गोष्ट केवळ शौकाची राहत नाही.

मग भक्कम असलेला एक्सल कमजोर का पडतो? एक कारण वय. दुसरे कारण बहुधा मालकच. गाडी जोरात पळावी म्हणून तिच्यात मोठे इंजिन बसवले जाते. थोडे गणित करू. इंजिनाचा जोर समजा 70 न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये तो चौपट झाला आणि डिफरन्शियलमध्ये पुन्हा साडेचार पट. म्हणजे एक्सलपर्यंत पोचले 1260, प्रत्येक चाकाला 630. आता त्याच जागी 130 न्यूटन-मीटरचे इंजिन बसवले, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला 1170! इंजिन बदलले, शाफ्ट मात्र तोच. तो किती दिवस तग धरणार?

कंपनीनेच केलेला बदल

असा बदल करण्याचे धाडस फक्त गॅरेजवाल्यांचे, असे समजू नका. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने तो कारखान्यातच करून दाखवला.

इंग्लंडमध्ये ट्रायम्फ हेराल्ड आली 1959 मध्ये. तिची आखणी इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉटींची. भारतात ती 1961 पासून स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली. तिची मागची रचना वेगळी होती. डिफरन्शियल चासीला घट्ट बोल्ट केलेले, त्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे वरखाली हलणारे अर्धे एक्सल, आणि वर आडवा पाटा. याला स्विंग एक्सल म्हणतात. सरळ रस्त्यावर ही गाडी छान चालते. पण वळणावर वेग जास्त असला आणि चालकाने एकदम पाय उचलला, की मागचा भाग उचलला जातो, बाहेरचे चाक आत दुमडू लागते आणि मागची पकड सुटते. ट्रायम्फनेही पुढे 1970 च्या सुमारास आपल्या स्पिटफायर गाडीत पाट्याची रचना बदलून हा दोष बराच आटोक्यात आणला.

भारतातही या स्वतंत्र सस्पेन्शनबद्दल गिऱ्हाइके आणि मेकॅनिक यांच्यात नाराजी होती, असे सांगतात. 1972 मध्ये कंपनीने स्टँडर्ड गॅझेल बाजारात आणली. इंजिन तेच 948 सीसीचे, पण मागे स्विंग एक्सलऐवजी एकसंध, सरळ एक्सल! म्हणजे आज एखादा हेराल्डवाला गॅरेजमध्ये जे करू पाहतो, ते कारखान्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी केले होते. फरक एवढाच, की कारखान्याकडे नकाशे होते, जिग होते आणि चाचणीची सोय होती.

गॅरेजमध्ये काय पाहावे?

दणकट एक्सल मिळाला, म्हणजे काम झाले असे नाही. चांगला मिस्त्री आधी टेप काढतो. एका ड्रमपासून दुसऱ्या ड्रमपर्यंत रुंदी किती? इंचभर जास्त असली, तरी टायर मडगार्डला घासू शकतो. चाकाचे बोल्ट जुळतात का? पाटे बसवायच्या बैठका नेमक्या अंतरावर आहेत का? नसतील तर वेल्डिंग आले आणि वेल्डिंगच्या उष्णतेने हाउसिंग किंचित वाकले, तरी बेअरिंग आणि सील खराब होत राहतात. म्हणून वेल्डिंगनंतर हाउसिंग सरळ आहे की नाही हे तपासून घ्यावे.

पुढची गोष्ट प्रॉपेलर शाफ्टची. त्याची लांबी बदलली तर तो कापून जोडावा लागतो आणि पुन्हा बॅलन्स करावा लागतो. पिनियनचा कोन चुकला, तर वेगात गाडी थरथरते आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात. हँडब्रेकची केबल पोचते का, मागचे ब्रेक मोठे झाले म्हणून पुढच्यांशी त्यांचा तोल बिघडला का, हेही पाहावे. मागचे ब्रेक जादा लागले तर ओल्या रस्त्यावर गाडी गिरकी घेते!

आणि एक गोष्ट हटकून विसरली जाते. डिफरन्शियलचे गुणोत्तर 4.5 होते, नव्या एक्सलचे 3.9 निघाले. मग इंजिन त्याच वेगाला सुमारे 13 टक्के कमी फिरते. हायवेवर हे सुखाचे, पण चढावर इंजिन दमते. शिवाय मीटरची केबल गिअरबॉक्समधून येत असल्याने गाडी 60 च्या वेगाने जात असताना काटा 52 दाखवतो. आपण हळू चाललो आहोत, हा समज घातक!

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडी उत्पादकाच्या मूळ स्वरूपापासून बदलू नये, असा निकाल दिला. तेव्हा काम सुरू करण्याआधी आरटीओला आणि विमा कंपनीला विचारणे शहाणपणाचे. अपघातानंतर विचारून काय उपयोग?

हेराल्डसारख्या गाडीच्या मालकाला आणखी एक हिशेब करावा लागतो. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांना विंटेजचा दर्जा दिला. त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे. या गाड्या रोज वापरायच्या नाहीत. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कारणांपुरत्या बाहेर काढायच्या. अट अशी, की चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. हेराल्डला सरळ एक्सल बसवायचा, तर पाटे टांगायला चासीवरच नवे आधार जोडावे लागतात. म्हणजे एक्सल मजबूत झाला, पण विंटेजचा मान धोक्यात आला!

जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिवा हिच्या ट्युरिन सनदेचा कलही असाच आहे. बदल करायचाच तर तो पुन्हा काढता येईल असा असावा आणि उतरवलेले मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत.

मग करावे काय? गाडी मेळाव्यापुरती बाहेर काढायची असेल, इंजिन मूळचेच असेल, तर मूळ एक्सलच उघडून बेअरिंग, सील, जॉइंट नवे घालावेत, शाफ्टला चीर नाही ना हे तपासून घ्यावे आणि वळणावर वेग आवरावा. कुटुंब घेऊन वरचेवर लांबचा प्रवास करायचा असेल, मोठे इंजिन आधीच कागदोपत्री नोंदलेले असेल, तर परवानगी घेऊन दणकट एक्सल बसवावा. पण ब्रेक, पाटे, शाफ्ट आणि मीटर यांच्यासकट. निम्मे काम करून थांबायचे असेल, तर हात न लावलेलाच बरा. आणि उतरवलेला जुना एक्सल भंगारवाल्याला विकू नका. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवा. उद्या तुमच्या मुलाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तोच उपयोगी पडेल.