विश्लेषण : फोनची बॅटरी नेमके खाते कोण? उन्हात आणि कमी रेंजमध्ये ती टिकवायची कशी?

जेऊर परिसरातला शेतकरी ई-पीक पाहणीसाठी बांधावर पोहोचतो. उसाच्या गटाची नोंद होते, केळीचा फोटो काढायचा राहतो आणि तेवढ्यात फोनची बॅटरी लाल होते. घरून निघताना ती निम्म्याहून जास्त होती. मुदत संपत आली असेल, तर प्रश्न फोनपुरता राहत नाही, सातबाऱ्यावरची पीकनोंदच राहून जाण्याची भीती असते. ‘फोन जुना झाला’ किंवा ‘अ‍ॅप फार झाली’ असे म्हणून अनेक जण विषय संपवतात. मात्र उजनीच्या फुगवट्यालगतच्या या पट्ट्यात बॅटरीची खरी शत्रू दोनच आहेत : ऊन आणि कमजोर रेंज. ही दोन कारणे समजून घेतली, तर खर्च न करताही बराच फरक पडतो.

बांधावर बॅटरी इतक्या लवकर का उतरते?

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. त्यात शेतकऱ्याला स्वतः शेतात जाऊन पिकाचा फोटो काढावा लागतो आणि फोनचे जीपीएस ठिकाण नोंदवते. म्हणजे एकाच वेळी कॅमेरा, जीपीएस, मोबाइल डेटा आणि स्क्रीन असे चारही मोठे ग्राहक बॅटरीवर तुटून पडतात. त्यात उन्हात दिसावे म्हणून फोन स्क्रीनचा उजेड आपोआप कमालीवर नेतो. फोनमध्ये सर्वाधिक ऊर्जा खाणाऱ्या भागांत स्क्रीन वरच्या क्रमांकावर असते.

उपाय साधे आहेत. अ‍ॅपचे अपडेट आणि लॉगिन आदल्या दिवशी घरीच उरकावे. गटापर्यंत चालत जाताना स्क्रीन बंद ठेवावी. फोटो झाडाच्या सावलीत उभे राहून तपासावा, म्हणजे उजेड कमी ठेवता येतो. लोकेशनची परवानगी अ‍ॅप वापरत असतानाच द्यावी, कायमची नको.

रेंज कमी असली की काय होते?

मोबाइल आणि टॉवर यांचे बोलणे सतत चालू असते. टॉवर जवळ असेल तर फोनला हळू आवाजात बोलून भागते. टॉवर लांब असेल, मध्ये टेकाड किंवा उसाचा दाट फड असेल, तर फोनला ओरडावे लागते. ४जी फोनची प्रसारणशक्ती गरजेप्रमाणे वाढत जाते आणि तिची कमाल मर्यादा साधारण ०.२ वॅट असते. हा आकडा लहान वाटतो, पण तेवढी शक्ती बाहेर पाठवण्यासाठी बॅटरीतून त्याच्या कित्येक पट ऊर्जा जाते. शिवाय कमी रेंजमध्ये वेग घटतो. जो फोटो गावात काही सेकंदांत जातो, तोच शेतात मिनिटभर अडकतो आणि तेवढा वेळ फोन पूर्ण ताकदीने ओरडत राहतो. खिशात ठेवलेला फोन गरम लागतो, तो अनेकदा यामुळेच.

रेल्वेतही हेच घडते. पुणे-सोलापूर मार्गावर पारेवाडी, वाशिंबे, जेऊर, केम, कुर्डुवाडी अशी स्थानके मागे पडत असताना फोन एक टॉवर सोडून दुसरा पकडत असतो. मधल्या पट्ट्यात रेंज गेली की शोध आणखी वाढतो. म्हणून पुण्याहून निघताना भरलेली बॅटरी घर येईपर्यंत उतरलेली असते.

जिथे ५जी येते-जाते, तिथे सेटिंग्जमध्ये जाऊन नेटवर्क ४जीवर ठेवावे. दोन सिमकार्डांपैकी एकाला गावात रेंजच नसेल, तर ते सिम बंद करावे, कारण फोन त्याच्यासाठीही शोध घेत राहतो. रेंज अजिबात नसलेल्या ठिकाणी एअरप्लेन मोड उत्तम. मात्र त्या काळात कॉल येत नाहीत. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. घरी वाय-फाय असेल तर मोठे फोटो आणि व्हिडिओ त्यावरूनच पाठवावेत. घराजवळच्या राउटरशी बोलायला फोनला फार जोर लावावा लागत नाही.

उन्हाचा बॅटरीवर काय परिणाम होतो?

रेंजमुळे बॅटरी त्या दिवसापुरती उतरते. उन्हामुळे मात्र ती कायमची म्हातारी होते. आजच्या फोन आणि लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. ती १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली आणि तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. या बॅटरीत चार्ज साठवताना रासायनिक क्रिया होतात आणि उष्णतेत नको असलेल्या क्रियांचाही वेग वाढतो. त्यातून गमावलेली क्षमता परत मिळत नाही.

‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या माहितीपर संकेतस्थळावरील तक्ता बोलका आहे. २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के चार्ज ठेवून वर्षभर नुसती पडून राहिलेली लिथियम बॅटरी ९६ टक्के क्षमता राखते, तर पूर्ण चार्ज ठेवलेली ८० टक्के. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ टक्क्यांवर येतात. म्हणजे उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी एकत्र आली की नुकसान सर्वाधिक होते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरवर उन्हात किंवा दुचाकीच्या डिकीत तापमान त्याहून बरेच वर जाते. अ‍ॅपल कंपनी आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरण्याची शिफारस करते, हे पाहिले तर आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीसाठी किती कठीण आहे हे कळते.

म्हणून मोटारीच्या पेटीशेजारी उन्हात फोन चार्जिंगला लावू नये. तापलेला फोन आधी सावलीत थंड होऊ द्यावा, मग चार्जर जोडावा. जाड कव्हर असेल तर चार्जिंगपुरते काढावे. फोन थंड करण्यासाठी फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण आत पाण्याचे थेंब साचू शकतात.

रात्रभर चार्जिंगला लावणे चुकीचे का?

फोन १०० टक्के झाल्यावर स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे ‘जास्त चार्ज होऊन स्फोट होईल’ ही भीती चांगल्या चार्जरबाबत अनाठायी आहे. अडचण वेगळीच आहे. फोन रात्रभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहतो आणि उशीखाली असेल तर गरमही होतो. अनेक फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे. रोज घरीच असणाऱ्यांनी ती चालू ठेवावी. बाहेरगावी किंवा पाहणीला जायचे असेल त्या दिवशी खुशाल १०० टक्के करावे.

‘आधी शून्यावर न्या, मग पूर्ण भरा’ हा सल्लाही कालबाह्य आहे. तो जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांसाठी होता. लिथियम बॅटरीला थोडे थोडे चार्जिंग मानवते. वीज यायची वेळ ठरलेली नसेल, तर ती येईल तेव्हा अर्धा तास लावलेले चार्जिंगही बॅटरीला त्रासदायक नाही.

अ‍ॅप सतत बंद केल्याने फायदा होतो का?

बहुतेक वेळा नाही. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून, म्हणजे ६.० आवृत्तीपासून, फोन पडून असताना अ‍ॅप झोपवण्याची सोय आहे. झोपलेले अ‍ॅप जबरदस्तीने बंद करून पुन्हा उघडायला उलट जास्त ऊर्जा लागते. त्यापेक्षा सेटिंग्जमधील बॅटरीच्या पानावर जाऊन कोणते अ‍ॅप सर्वाधिक खाते हे पाहावे आणि त्या एकाचाच पार्श्वभूमीतला वापर रोखावा.

डार्क मोडचा फायदा ओएलईडी स्क्रीनच्या फोनलाच होतो, कारण त्यात काळा भाग प्रत्यक्ष विझलेला असतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात उजेड ३० ते ५० टक्के असताना बचत सरासरी ३ ते ९ टक्केच आढळली. उजेड कमालीवर असताना ती ३९ ते ४७ टक्के होती. स्वस्त फोनमधील एलसीडी स्क्रीनवर हा उपाय जवळपास निरुपयोगी आहे.

लॅपटॉपचे काय?

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, सेवा केंद्र चालवणारे आणि घरून काम करणारे यांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला जोडलेला असतो. पूर्ण चार्ज आणि गरम हवा हे नुकसानीचे जोडसमीकरण तिथेही लागू होते. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये चार्जिंगची मर्यादा ठरवता येते. ती ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. गोधडीवर किंवा गादीवर लॅपटॉप ठेवल्यास हवेची छिद्रे बंद होतात, पंखा जोरात फिरतो आणि बॅटरी दोन्ही बाजूंनी खर्ची पडते. टणक पृष्ठभाग वापरावा आणि छिद्रांतली धूळ अधूनमधून काढावी. वीज गेल्यावर उजेड कमी करणे, नको असलेले ब्राउझरचे टॅब बंद करणे आणि बॅटरी सेव्हर लावणे यांतून सर्वांत लवकर वेळ वाचतो. बरेच तास काम नसेल तर स्लीपऐवजी लॅपटॉप पूर्ण बंद करावा.

बॅटरी बदलायची कधी?

फोन अचानक बंद पडणे, टक्केवारी एकदम घसरणे ही बॅटरी संपत आल्याची खूण आहे. मागचे झाकण किंवा स्क्रीन वर उचललेली दिसली, तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबू किंवा टोचू नये, थेट दुरुस्तीला न्यावा. नवी बॅटरी, चार्जर किंवा पॉवर बँक घेताना भारतीय मानक ब्युरोचे नोंदणी चिन्ह पाहावे. भारनियमनासाठी पॉवर बँक घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की व्होल्टेज बदलताना काही ऊर्जा वाया जाते. त्यामुळे १०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा पूर्ण भरत नाही.

पाहणीच्या दिवशी एवढे पुरे : फोन सकाळीच गारव्यात भरून घ्यावा, वाटेत सावलीत आणि बंद स्क्रीनवर ठेवावा आणि फोटो पाठवण्यासाठी रेंज बरी असलेली जागा निवडावी. मग केळीच्या शेवटच्या गटापर्यंत फोन साथ देण्याची शक्यता बरीच वाढते.