वास्तुरक्षणाचा रायगडी पाठ

कर्जत-खालापूर पट्ट्यात कुंभिवलीसारख्या गावांच्या आसपास आज कारखाने, गोदामे आणि फार्महाउस दिसतात. अशा वास्तूंच्या रक्षणाचा विचार बहुधा उंच कुंपण, मोठे कुलूप आणि कॅमेरा यांवर थांबतो. १९८१ मध्ये ज्या गडाचे नाव या जिल्ह्याला मिळाले, तो रायगड मात्र याहून अधिक काही शिकवतो.

रायगडाचा महादरवाजा दोन बुलंद बुरुजांच्या आड दडलेला आहे. वाट वळून त्याच्यापाशी येत असल्याने दारावर सरळ धडक देता येत नाही, आणि येणारा बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या आहेत. अडथळ्याचे खरे काम पहारा सावध होईपर्यंत वेळ मिळवून देणे, हेच होय. पहाराच ढिला असेल तर दुर्गम कडाही निरुपयोगी ठरतो. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे कडा चढूनच सिंहगडात शिरले.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दुर्गबांधणीचे नियम आहेत. गडाला एकच दरवाजा असणे हा त्यांच्या मते मोठा दोष होय. जादा दरवाजे व चोरदिंड्या ठेवाव्यात, मात्र नेहमीच्या वापरात नसलेल्या चिणून टाकाव्यात. दारूखाना घरापासून दूर असावा, असेही ते बजावतात.

आजच्या वास्तूत यांतील एक गोष्ट बदलावी लागते. चोराच्या भयाने मागचे दार कुलूपबंद केले, तर आग लागताच तीच वास्तू आतल्यांचा सापळा बनते. म्हणून दुसरे दार असावेच. ते बाहेरून उघडू नये, पण आतून किल्लीवाचून उघडावे, आणि त्याच्यापुढे सामान रचू नये. ज्वालाग्राही माल माणसांच्या वावरापासून वेगळा ठेवावा.

गडाचा कारभारही शिवकाळी एकाच्या हाती नसे. हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्यात तो वाटलेला असे, जेणेकरून एकाच्या फितुरीने गड जाऊ नये. मंदिर, धर्मशाळा वा पेढीच्या विश्वस्तांनीही भांडाराच्या किल्ल्या दोघांकडे विभागून ठेवाव्यात, नोंदवही तिसऱ्याकडे द्यावी. रखवालदाराला संकटात प्रथम कोणाला कळवायचे, हे लिहून द्यावे आणि रात्रपाळीत त्याला विश्रांती मिळते की नाही, हेही पाहावे. थकलेल्या डोळ्यांपुढे कॅमेऱ्याचे चित्र व्यर्थ असते.