वाक्य संपेपर्यंत सुरुवात का हरवते?

"वाचतो तर घडाघडा, पण विचारलं की गप्प!" पालकसभेत एखादी अम्मी हे हमखास सांगते. आम्ही शिक्षकही अशा मुलाला 'लक्ष नाही' म्हणून मोकळे होत असू. पाचवीतल्या एका मुलाने आमचे डोळे उघडले. पुस्तकातले शाब्दिक उदाहरण त्याला सुटत नसे. तेच उर्दूत तोंडी सांगितले की उत्तर तयार! गणित त्याला येत होते. अडत होते ते वाक्यात.

शब्द एकामागून एक येतात, अर्थ मात्र ते एकत्र जुळल्यावरच लागतो. तोवर आधीचे शब्द मनात धरून ठेवायचे काम अल्पकालीन स्मृती करते. तिची जागा फार थोडी. १९५६ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी ती सुमारे सात गोष्टींची सांगितली. २००१ साली नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपासच असल्याचे मांडले. १९७४ मध्ये ब्रिटनचे ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी मांडले की मन इथे नुसते साठवत नाही, त्याच जागेत कामही करते.

मराठी आणि उर्दू दोन्हींत क्रियापद बहुधा शेवटी येते. 'मामूंनी बाजारातून आणलेली पुस्तके आम्ही अजून वाचली नाहीत.' इथे 'नाहीत' येईपर्यंत निकाल लागत नाही. जे मूल अक्षर अक्षर जुळवत वाचते, त्याची सारी जागा 'आ-ण-ले-ली'तच भरते. शेवटाला पोहोचेपर्यंत मामू हरवलेले असतात. घडाघडा वाचणाऱ्याचेही सगळे बळ कधी नुसत्या उच्चारात जाते. घरी उर्दू आणि पुस्तक मराठी असेल, तर शब्दाचा अर्थ आठवण्यातही जागा जाते. मूल मंद नसते, त्याची ओंजळ भरलेली असते.

मग घरी काय करावे? एकच उतारा दोन-तीनदा मोठ्याने वाचून घ्या; ओळख झालेला शब्द कमी जागा घेतो. लांब वाक्य तोडून विचारा: कोणी आणली? काय आणले? पुढे काय झाले? अर्थ उर्दूत सांगितला तरी चालेल. गणितातले आकडे आधी वहीत उतरवू द्या. कामही एका वेळी एकच सांगा.

आणि अब्बांना एक विनंती. 'पुन्हा वाच' म्हणताना आवाज चढवू नका. त्या लहानशा जागेत भीती शिरली, तर शब्दांनी बसायचे कुठे?