दुष्ट जन्मतो की घडतो?

संध्याकाळची जपमाळ आटोपली, जेवणे झाली, म्हणजे घरातील लहान मुले गोष्टीसाठी आजीचा पदर धरतात. गोष्टीत राक्षस आला की ती अधिकच जवळ सरकतात. आणि गोष्ट संपल्यावर एखादे चौकस मूल हटकून विचारते, "पण आजी, तो राक्षस आधीपासूनच राक्षस होता का?" पुष्कळदा आजी म्हणते, "झोप आता." प्रश्न तसाच राहतो. आज त्याच प्रश्नाविषयी आम्हांस वाचकांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

निमित्त झाले ते एका इंग्रजी श्राव्य नाटकाचे. त्या देशाच्या बीबीसी या संस्थेने १९६३ च्या नोव्हेंबरात 'डॉक्टर हू' नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू केली. काळाच्या मागेपुढे प्रवास करणारा एक विलक्षण पुरुष तिचा नायक. पुढच्याच महिन्यात तीत 'डालेक' नावाचे खल अवतरले. लोखंडी कवचात बसलेले हे जीव. त्यांस प्रेम ठाऊक नाही, दया ठाऊक नाही. आपल्यासारखा नसेल त्याचा नाश करावा, एवढेच ठाऊक. त्यांचा निर्माता लेखक टेरी नेशन हा १९३० साली कार्डिफ शहरी जन्मला. त्याच्या बालपणीच दुसरे महायुद्ध पेटले आणि कार्डिफवर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. वंशाच्या शुद्धतेचे वेड माणसास कोठवर नेते हे त्या पिढीने पाहिले होते. नाझींची छाया डालेकांवर पडली ती उगीच नव्हे.

पुढे १९७५ साली नेशन यांनी या खलांच्या जन्माची कथा लिहिली. तिला नावही बायबलच्या पहिल्या पुस्तकाचेच दिले : 'डालेकांची उत्पत्ती'. स्कारो नावाच्या ग्रहावर कालेद आणि थाल या दोन जमातींचे युद्ध पिढ्यान् पिढ्या चालू आहे. कालेदांचा थोर शास्त्रज्ञ दाव्रोस याचे शरीर पांगळे झाले असून तो चाकांच्या खुर्चीस खिळलेला आहे. आपली जमात तगावी म्हणून तो नवा जीव घडवितो आणि त्यातून दया काढून टाकतो. दया म्हणजे दुबळेपणा, असे त्याचे गणित. शेवटी तेच जीव त्याच्या माणसांवर उलटतात. दाव्रोस त्यांच्यासाठी दया मागतो. पण ज्यांस दया शिकविलीच नाही ते ती देणार कोठून?

तथापि हा दाव्रोस मुळात कसा होता? ते सांगण्यासाठी 'बिग फिनिश' या इंग्रजी संस्थेने २००६ साली 'आय, दाव्रोस' ही चार भागांची श्राव्य नाट्यमाला काढली. भागांची नावे पाहा : निष्पापपणा, शुद्धता, भ्रष्टता, अपराध. एका जीवाची उतरण या चार शब्दांत आली आहे. आरंभी भेटतो तो राक्षस नव्हे, एक तल्लख, जिज्ञासू मुलगा. बाहेर युद्ध, घरात महत्त्वाकांक्षी आई. मुलगा मोठा व्हावा एवढीच तिची इच्छा. तो चांगला व्हावा, हा विचार तिला शिवत नाही. घरातील एक बहीण शांततेकडे झुकते, तर तिला तेथे स्थान उरत नाही. कथा काल्पनिक असली, तरी ते घर आम्हांस परके वाटले नाही.

या नाटकात मोठ्या दाव्रोसचा आवाज टेरी मलॉय या नटाने दिला आहे. हेच गृहस्थ बीबीसीच्या 'द आर्चर्स' या नभोमालिकेत वर्षानुवर्षे दूधवाल्या माईक टकरचे काम करीत. ती मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागली. युद्धोत्तर टंचाईच्या दिवसांत शेतकऱ्यांस गोष्टीच्या ओघात शेतीची माहिती मिळावी, हा तिचा हेतू. ती आजही चालू आहे. म्हणजे गाईम्हशींचे हालहवाल बोलणारा गळा तोच आणि सर्वनाशाची भाषा बोलणाराही तोच! वाईटाचा आवाज परका नसतो. तो कित्येकदा आपल्या ओसरीवरचाच असतो.

कानाने ऐकलेली गोष्ट मनात खोल उतरते, हे आम्हां आदिलाबादकरांस कोणी शिकवावयास नको. पैनगंगेच्या अल्याड जैनथ, बेला या भागांत मराठी कीर्तन-भजन कानांनीच जपले गेले. गोंडांच्या पूर्वजांच्या कथा परधान किंगरी वाजवीत गातात, त्याही कानांसाठीच. आणि आपल्या ख्रिस्ती परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' आहे. हे येशूसंघीय धर्मगुरूही इंग्लंडचेच. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण राशोल येथे छापले गेले. देवळात मोठ्याने वाचून दाखविण्याचा हा ग्रंथ. त्याच्या पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीबरोबर गर्विष्ठ देवदूताच्या पतनाची कथाही येते. खलाचा उगम ऐकण्याची हौस नवी नाही, हे यावरून दिसते.

आपली श्रद्धा याविषयी काय सांगते? देवाने जे जे केले ते चांगले केले. दुष्टपणा हा देवाने घडविलेला पदार्थ नव्हे. जेथे चांगले असावयास हवे तेथे पडलेली ती पोकळी होय, असे संत ऑगस्टीन यांनी विवरण केले आहे. सैतानही मुळात देवदूतच होता. काईन खुनी म्हणून जन्मला नाही. पाप दाराशी टपून आहे, असे देवाने त्यास आधी बजावले होते. म्हणजे निवड त्याच्या हाती होती. दाव्रोसच्या आईने त्याला बिघडविले, युद्धाने बिघडविले, हे सारे खरे. तरीही प्रत्येक वळणावर हो म्हणणारा तोच होता. परिस्थितीने वाट दाखविली तरी पाऊल आपलेच असते.

१९७५ च्या त्या कथेत एक प्रसंग आहे. डालेकांचा अंकुरच जाळून टाकण्याची संधी नायकाच्या हाती येते. दोन तारा एकमेकींस लावल्या की काम संपले. पण तो थबकतो. एखादे मूल पुढे क्रूर हुकूमशहा होणार हे ठाऊक असले, तरी त्या मुलास मारण्याचा अधिकार मला आहे काय, असा त्याचा प्रश्न आहे. चांगले व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पौलाची शिकवण आपण जाणतो. त्या अडखळण्यातच नायक आणि दाव्रोस यांतील अंतर आहे. दाव्रोस कधी अडखळत नाही.

विज्ञान वाईट, असा याचा अर्थ कोणी काढू नये. विश्व प्रसरण पावत आहे असे १९२७ साली गणिताने मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथोलिक धर्मगुरूच होते. बुद्धी हे देवाचे दान आहे. दयेपासून तोडली तरच तिचे शस्त्र होते.

आता थोडे आपल्या अंगणाविषयी. "हे पोरगं जन्मताच वाईट," हे वाक्य आपल्या गावांत किती सहज उच्चारले जाते! शेजारच्या चार माणसांनी ते म्हणावे, मग आईने म्हणावे आणि शेवटी त्या मुलानेही ते खरे मानावे. पहिला नंबर आल्यास पाठ थोपटली जाते. पण लंगड्या सोबत्यासाठी वाटेत थांबलेल्या मुलाची पाठ कोण थोपटतो? कापसाच्या हंगामात दमून आलेल्या मजूर बाईस आधी पाणी दिलेले मूल पाहिले, म्हणजे त्यास शाबासकी द्यावी. दया ही अशीच, एकेका घोटाने शिकविली जाते.

म्हणून आज रात्री मुलाने विचारले की राक्षस राक्षस झाला कसा, तर त्याला झोपवू नका. त्याला सांगा : बाळा, तोही एकदा तुझ्याएवढा होता. मग त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करा आणि दिवा मालवा.